पत्रपेटीवर नाव नव्हतं : जर्मनीतल्या पहिल्या सहा आठवड्यांचं एक प्रकरण

हा मुलगा माझ्या लक्षात राहिला तो त्याच्या ताटामुळे. २ नोव्हेंबर २०२४, शनिवार, पाडवा. आमच्या शहरातल्या मराठी कुटुंबांनी मिळून एक हॉल घेतला होता. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात असा बेत. तिसऱ्यांदा भात घ्यायला आला तेव्हा तो दोन्ही हातांनी ताट धरून उभा होता, आणि त्याची नजर वाढणाऱ्याकडे नव्हती, पातेल्यात होती. "पोटभर जेव रे," मी म्हटलं. "हो ताई," एवढंच बोलला.

जेवणं उरकल्यावर बाकीची मुलं फोटो काढत होती आणि हा आत येऊन न सांगता पातेली घासायला लागला. मी शेजारी पुसायला उभी राहिले. अशी कामं हातात असली की माणसं बोलतात. राहतोस कुठे, लेक्चर सुरू झाली का, थंडी बाधत नाही ना, असं विचारता विचारता त्याच्या तोंडून निघालं, "ताई, बँकेचं कार्डच आलं नाही अजून. तीन आठवडे होत आले."

"पेटीवर तुझं नाव आहे का?"

"कुठल्या पेटीवर?"

या दोन वाक्यांत सगळं प्रकरण होतं. त्याच्या परवानगीनं मी ते इथे लिहिते आहे. त्याचं नाव, शहर आणि विद्यापीठ सांगत नाही. लाइपझिगपासून रेल्वेनं साधारण तासाभरावरचं शहर, इतकं पुरे.

मुलगा इचलकरंजीचा, वय २३. मेकॅनिकल इंजिनीअर. चाकणला दीड वर्ष नोकरी केली, शनिवार-रविवारी पुण्यात जर्मनचा क्लास करून ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीपर्यंत शिकला. भारतातली पदवी तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाच्या तारखेची वाट, हे सगळं त्यानं एकट्यानं निभावलं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची हमी म्हणून पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरावे लागले, म्हणजे तेव्हाच्या भावानं पावणेअकरा लाखांच्या घरात. त्यातले काही शैक्षणिक कर्जाचे, काही वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातले. या खात्यातून त्याला दरमहा ९९२ युरोच मिळणार होते, आणि तेही इथल्या चालू खात्यात. म्हणजे पैसे स्वतःचे असले तरी इथलं बँक खातं चालू झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

२८ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी तो शहरात पोचला. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. सोमवारपासून कामाला लागला. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब होती, म्हणून त्यानं भारतातूनच इंटरनेटवर एक खोली ठरवली होती. तीन खोल्यांचं घर, त्यातला एक राहणारा चार महिने परदेशी गेलेला, त्याची खोली ३१ जानेवारीपर्यंत रिकामी. घर ज्याच्या नावावर भाड्यानं होतं त्या माणसानं याला पोटभाडेकरू म्हणून घेतलं. भाडं ३३० युरो, अनामत ३३०. फॉरेक्स कार्डावर ७०० आणि खिशात २०० घेऊन आलेल्या मुलाकडे पहिल्याच दिवशी २४० युरो उरले. पांघरूण, उशी, एक कढई आणि एक पातेलं यांत ६० गेले. सिमकार्डाला १०. सेकंडहँड दुकानातल्या जाड जॅकेटला ३५.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो. मुख्य भाडेकरूनं तो सही करून दिला आणि ९ ऑक्टोबरला नोंदणी झाली. ११ तारखेला पोस्टाच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून यानं एका ऑनलाइन बँकेत खातं उघडायचं काम पूर्ण केलं. १४ ला खात्याचा क्रमांक ईमेलनं आला, तो यानं ब्लॉक्ड अकाउंटवाल्या कंपनीला कळवला. आरोग्य विमा झाला, विमा कंपनीनं विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवला, प्रवेश पक्का झाला. त्याच दिवशी लेक्चर सुरू. इथवर कोणीही म्हणेल की मुलानं सगळं चोख केलं, आणि खरंच केलं होतं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. राहायला आल्याच्या संध्याकाळी मुख्य भाडेकरू त्याला म्हणाला होता, "पत्रपेटीवर तुझं नाव सध्या नको लावू. घरमालकाला अजून विचारलेलं नाही. काही आलं तर मी तुला देईन." मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

का वाटावं? इचलकरंजीत त्यांच्या गल्लीत पोस्टमन वीस वर्षं तोच. मावशीकडे शिकायला राहिलेल्या भाच्याचं पत्र मावशीच्या घरी बिनदिक्कत येतं. कुरिअरवाला तर कोपऱ्यावरून फोन करतो, "दादा, घर नेमकं कुठलं?" आपल्याकडे टपाल माणसाला शोधत येतं. इथे टपाल नाव शोधतं. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, फ्लॅटचा क्रमांक बहुतेक ठिकाणी नसतोच. दारात पेट्यांची रांग असते, प्रत्येक पेटीवर आडनावाची पट्टी. पोस्टमन लिफाफ्यावरचं आडनाव बघतो, पेट्यांवरून नजर फिरवतो. जुळलं तर पत्र आत, नाही जुळलं तर परत. तो बेल वाजवून चौकशी करत नाही. त्याच्याकडे तुमचा फोन नंबरही नसतो.

आणि हा देश अजून पत्रावर चालतो. त्या मुलाच्या नावानं ऑक्टोबरमध्ये काय काय निघालं ते आम्ही नंतर मोजलं. बँकेचं कार्ड एका लिफाफ्यात, त्याचा पिन सुरक्षिततेसाठी दुसऱ्या लिफाफ्यात, ऑनलाइन बँकिंग सुरू करायचा कोड तिसऱ्यात. विम्याचं कार्ड. विम्याच्या हप्त्याचं पत्र. पत्त्याची पहिली नोंदणी झाल्यावर केंद्रीय कर कार्यालयाकडून आपोआप येणारा अकरा अंकी टॅक्स आयडी. अशी किमान सहा पत्रं. त्यांतली बँकेची आणि विम्याची पत्रं 'दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती सापडत नाही' असा शेरा घेऊन परत गेल्याचं आम्हाला पुढे त्या त्या ठिकाणी कळलं.

मुलगा रोज संध्याकाळी विचारायचा, "माझं काही आलं?" मुख्य भाडेकरू खरंच सांगायचा, "नाही." दोघंही खोटं बोलत नव्हते. पत्रं त्या पेटीत पडतच नव्हती.

२४ ऑक्टोबरला बँकेचा ईमेल आला. आमचं टपाल परत आलं आहे, पत्त्याची खात्री होईपर्यंत खात्याचा वापर मर्यादित केला आहे, अशा अर्थाचा. तो जर्मनमध्ये होता आणि त्यात एक लिंक होती. भारतातून निघताना सगळ्यांनी बजावलं होतं की बँकेच्या नावानं फसवे ईमेल येतात, लिंक उघडू नकोस. त्यानं तो ईमेल पुसून टाकला. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

३० ऑक्टोबरला ब्लॉक्ड अकाउंटमधून ९९२ युरो त्याच्या खात्यात जमा झाले. कंपनीनं तसं कळवलंही. पण कार्ड नाही, पिन नाही, ऑनलाइन कोड नाही, बँकेची शाखा कुठेही नाही. पैसे होते आणि हात पोचत नव्हता. १ नोव्हेंबरला भाडं द्यायचं होतं. पाडव्याला तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याच्याजवळ ३१ युरो होते.

पाच आठवडे तो काय खात होता हे मी विचारलं. आईनं दिलेलं मेतकूट, भात, मुगाची डाळ, ठेचा, ब्रेड. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, जेवण तीनेक युरोंना मिळतं. पहिल्या आठवड्यात तो तिथे गेला, मग जाणं सोडलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बाहेर काढल्या. नळाचं पाणी इथे पिण्याचंच असतं हे माहीत नसल्यानं पहिले दोन आठवडे त्यानं विकतचं पाणी आणलं होतं. प्रत्येक बाटलीमागे २५ सेंटची अनामत असते, तिला फांड म्हणतात. १८ बाटल्या सुपरमार्केटच्या यंत्रात घातल्यावर साडेचार युरोंची चिठ्ठी निघाली. त्यात तांदूळ, कांदे आणि दूध आलं. हे तो मला मान खाली घालून सांगत होता. चोरी केल्यासारखा. मला भरून आलं, कारण त्या मुलानं कुणाचं काही बुडवलं नव्हतं. स्वतःचेच साडेचार युरो परत घेतले होते.

मध्ये दोन दिवस ताप होता. विम्याचं कार्ड नाही म्हणून डॉक्टरकडे गेला नाही. कार्ड हातात नसलं तरी विमा कंपनी मागितल्याबरोबर तात्पुरतं प्रमाणपत्र देते आणि त्यावर डॉक्टर तपासतात. हे त्याला ठाऊक नव्हतं. हे वाचणाऱ्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी इथे येणार असेल, तर बाकी काही सांगितलं नाही तरी चालेल, एवढं सांगा.

घरी मात्र रोज व्हिडिओ कॉल. पाठीमागे स्वच्छ भिंत येईल असा फोन ठेवायचा. आई विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो, मेन्सात." वडिलांनी फंड मोडून पैसे दिलेत आणि महिन्याभरात आपण त्यांना सांगायचं की भाड्याला नाहीत, हे त्याच्या जिभेवर येईना.

रविवारी, ३ नोव्हेंबरला, मी त्याच्या घरी गेले. दारात बारा पेट्या होत्या, दोन ओळींत सहा-सहा. प्रत्येकीवर पारदर्शक प्लास्टिकची खाच आणि तिच्यात पट्टी सरकवलेली. तिसऱ्या पेटीवर दोन आडनावं. एक मुख्य भाडेकरूचं, एक परदेशी गेलेल्या मुलाचं. चार महिने जो तिथे राहणारच नव्हता त्याचं नाव पेटीवर होतं, आणि रोज जिना चढणाऱ्याचं नव्हतं.

वर जाऊन मुख्य भाडेकरूशी बोलले. पस्तिशीचा, शिफ्टमध्ये काम करणारा माणूस. कॉफी केली, बसायला खुर्ची दिली. तो वाईट नव्हता असं मी आजही म्हणेन. घरमालकाला न विचारता खोली दिली आणि इमारतीची देखभाल करणाऱ्याला पेटीवर नवं नाव दिसलं तर आपलं घर जाईल, या भीतीनं त्यानं नाव लावू दिलं नव्हतं. परदेशातून इथे आलेल्या मुलाचं सगळं आयुष्य सुरुवातीला त्या एका खाचेतून आत येतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला हवी ती पत्रं आयुष्यभर येतच होती. पण चूक त्याचीच होती, आणि मी तसं त्याला स्पष्ट म्हटलं. नोंदणीच्या कागदावर सही करायची आणि पेटीवर नाव लावू द्यायचं नाही, हे दोन्ही एकत्र जमत नाही. शिवाय पत्रं परत जात राहिली तर हा माणूस इथे राहतो की नाही याची चौकशी नोंदणी कार्यालय करू शकतं आणि नोंद रद्दही करू शकतं. मग गोष्ट व्हिसापर्यंत जाते. हे ऐकल्यावर तो गप्प झाला. जर्मन कायद्याप्रमाणे भाडेकरूला सबळ कारण असेल तर घराचा काही भाग दुसऱ्याला द्यायची परवानगी तो मालकाकडे मागू शकतो. मी म्हटलं, "मागून तर बघा." त्यानं तिथेच बसून मालकाला ईमेल लिहिला. आणि म्हणाला, "पट्टी आत्ता लावा."

मुलानं वहीचा कागद फाडून पट्टी लिहिली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आपल्याकडे दारावर असतं तसं. एवढ्याशा खाचेत मावावं म्हणून अक्षरं मुंगीएवढी. मी ती बाजूला ठेवली. पोस्टमन चालता चालता वाचतो, त्याला फक्त आडनाव हवं असतं. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यातच येतं, त्यामुळे इथे ते मुलाचं दुसरं नाव समजलं जातं. कुणी ते लिहितं, कुणी गाळतं, कुणी दोन्ही जोडून टाकतं. आडनाव मात्र सगळीकडे तेच राहतं. दुसरी पट्टी कापली, खाचेच्या मापाची, सहा सेंटीमीटर लांब. मोठ्या रोमन अक्षरांत काळ्या मार्करनं आडनाव. वरून सेलोटेप, कारण बाहेर पाऊस भुरभुरत होता. बेलच्या फळीवरही तसंच एक. त्यानं बोटानं पट्टी दोनदा दाबली आणि जरा मागे होऊन बघितली.

संध्याकाळी सहा वाजता, भारतातले साडेदहा, त्यानं माझ्यासमोर घरी फोन लावला. हे मी आग्रह धरून करायला लावलं. सगळं ऐकल्यावर वडील थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लेका, एवढं झालं आणि बोलला न्हाईस? आम्ही काय परकं हाय व्हय?" आई पलीकडे रडत होती. उद्याच पैसे पाठवतो म्हणून वडील हट्टाला पेटले. मी त्यांना समजावलं की पैसे आहेत, फक्त कुलूप उघडायचं आहे. तोवर मी त्याला १५० युरो दिले होते. मी नसते तरी मार्ग होता. विद्यार्थ्यांच्या सेवा संस्थेत सामाजिक सल्लागार बसतात, त्यांना भेटायला पैसे लागत नाहीत. आणि अनेक विद्यापीठांच्या गावांत प्रॉटेस्टंट व कॅथलिक विद्यार्थी मंडळांकडे अडचणीतल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी असतो. आपली मुलं मागायला जात नाहीत, लाजतात.

सोमवारी बँकेला फोन. बोलला तोच, मी फक्त शेजारी बसले. त्यानं वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली होती. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, आणि मग ते महत्त्वाचं वाक्य : आता पेटीवर माझं नाव आहे, कृपया सगळं पुन्हा पाठवा. समोरची बाई शांतपणे हळू बोलली. अर्ध्या तासात काम झालं. बुधवारी तो पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन फिनान्झआम्टमध्ये, म्हणजे स्थानिक कर कार्यालयात गेला आणि टॅक्स आयडी खिडकीवरच मिळवला. विभागातल्या प्रयोगशाळेत मदतनिसाचं काम त्याला मिळालं होतं, ते याच क्रमांकासाठी अडलं होतं.

८ तारखेला मालकाचं उत्तर आलं. हरकत नाही, राहणाऱ्याचं नाव कळवा. दोन ओळींचा ईमेल. ज्या भीतीपायी पाच आठवडे हे सगळं झालं, ती दोन ओळींत संपली.

१३ ला कार्ड आलं, १४ ला ऑनलाइन कोड, १८ ला पिन. १४ च्या संध्याकाळी त्यानं भाडं भरलं. दर वेळी तो मला लिफाफ्याचा फोटो पाठवायचा, न उघडलेल्या. २० ला विम्याचं कार्ड. २६ ला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र आलं तेव्हा घाबरून फोन केला, कारण त्यात महिना १८.३६ युरो मागितले होते. हे शुल्क माणशी नसतं, घरटी असतं. मुख्य भाडेकरू ते भरतच होता. त्याचा क्रमांक कळवला आणि ते मिटलं.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट आमच्याकडचीच आहे. आमच्या मंडळानं नवीन विद्यार्थ्यांसाठी एक यादी केली आहे. कुकर आणा, प्लगचा अडॅप्टर आणा, कागदांच्या चार प्रती ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात, रात्री दहानंतर आवाज नको, कचरा कसा वेगळा करायचा. बावीस मुद्दे आहेत. पत्रपेटीचा त्यात नव्हता. आम्हा जुन्या लोकांना ती गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती सांगायची असते हेच सुचलं नाही. विद्यापीठाच्या स्वागत कार्यक्रमात एका स्लाइडवर पेटीवर नाव लावा असं एक वाक्य होतं, त्यानं ते वाचलंही होतं. पण मुख्य भाडेकरूचं नाव तिथे आहे म्हणजे आपलंही पत्र येणार, असं त्याला वाटलं. आता यादीत तो पहिला मुद्दा आहे, आणि त्याखाली दुसरा : पेटीवर नाव लावता येणार नसेल तर ती खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. काही दिवसांचाच प्रश्न असेल तर निदान प्रत्येक ठिकाणी पत्ता देताना 'अमक्याकडे' म्हणून पेटीवरचं आडनाव जोडा. तसं लिहिलेलं पत्र त्या पेटीत पडतं.

जानेवारीच्या शेवटी त्याला वसतिगृहात खोली मिळाली. जायच्या आधी त्यानं पोस्टाकडे जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज दिला, पुन्हा नोंदणीची तारीख घेतली, माझे १५० युरो पाकिटात घालून आणून दिले. वसतिगृहात पेटीची पट्टी तिथला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा, छापून लावतो. त्यानं लावलेल्या पट्टीत आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मुलानं बॅगा खोलीच्या दाराशी तशाच ठेवल्या, खाली जाऊन हाउसमाइस्टरला गाठलं, पासपोर्ट दाखवून अक्षर दुरुस्त करून घेतलं, आणि मग वर येऊन कुलूप उघडलं.